सीतेच्या वेणीची बरदास्त

रोपवाटिकेच्या नोकरीत ज्याचे आयुष्य जाते, त्याला वनस्पतीचे जीवन मातीपासून सुरू होते असे मानण्याची इतकी सवय जडलेली असते, की मुळे उघडी टाकून, झाडाच्या सालीला नुसते बिलगून, वाऱ्यापावसावर वाढणारी एखादी वनस्पती सांभाळण्याची कामगिरी अंगावर आली म्हणजे आजवर मिळविलेली बरीचशी विद्या त्याला प्रथम बाजूला ठेवावी लागते. सिंधुदुर्गात, समुद्रापासून फारशा दूर नसलेल्या एका रोपवाटिकेत मी पर्यवेक्षक होतो. साग, काजू, खैर, बांबू यांची रोपे तयार करावीत, पिशव्यांत पोयटा, वाळू आणि शेणखत ठरलेल्या प्रमाणात भरावे, पावसाच्या तोंडावर ती गावोगाव रवाना करावीत आणि मग वर्षभर जमाखर्चाच्या वह्या लिहाव्यात, हा तेथला शिरस्ता. रस्त्याच्या रुंदीकरणात दुतर्फा असलेली आंबा, फणस, वड, ऐन यांची जुनी झाडे पडू लागली, तेव्हा त्यांच्या फांद्यांवरील सीतेच्या वेण्या गोळा करून त्यांची बरदास्त ठेवावी असा हुकूम वरच्या कचेरीतून आला. आणि गोणत्यांत कोंबून आलेल्या त्या जाड, चामट पानांच्या जुड्या ठेवायच्या कोठे, याचा विचार आम्हांला उभ्या उभ्याच करावा लागला.

ज्यांनी ही वनस्पती केवळ फुललेली पाहिली आहे, त्यांना तिचे उरलेल्या वर्षातले रूप ओळखू येणे कठीण. आखूड, मजबूत खोड. त्याच्या दोन बाजूंना एकमेकांत अडकवून बसविलेली, मधोमध पन्हळ पडलेली लांब पाने. पानांचे टोक कोणी कुरतडल्याप्रमाणे असमान दातांचे. आणि बुंध्यापासून निघून सालीवर हातभर दूर पसरलेली जाड, पांढुरकी मुळे. आमरी, म्हणजे ऑर्किड, कुळातील पुष्कळ वनस्पतींना पाणी साठविण्यासाठी फुगीर कांडे असतात, तशी हिला नाहीत. ती शेंड्याकडूनच वाढते. खालची पाने वयपरत्वे गळतात, वर नवी येतात, आणि म्हणूनच शेंडा कुजला की बहुधा रोप गेलेच असे समजावे. सतराव्या शतकात कोचीचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने सिद्ध करविलेल्या 'होर्टुस मलबारिकुस' या बारा खंडांच्या ग्रंथात तिचे चित्र आहे. लिनीअसने १७५३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले, आणि ब्लूमने १८२५ मध्ये ऱ्हिंकोस्टायलिस ही नवी प्रजाती स्थापून तीत तिची रवानगी केली. त्याच ऱ्हीडच्या ग्रंथाच्या आरंभी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या तीन कोकणी वैद्यांनी १६७५ मध्ये नागरी लिपीत लिहून दिलेले प्रमाणपत्र छापलेले आहे, ही गोष्ट आम्हां कोकणवासीयांना ठाऊक असावी एवढ्यासाठीच येथे सांगितली. परंतु त्या ग्रंथाचे प्रयोजन ओळख आणि औषध हे होते, लागवड हे नव्हे. आमची अडचण त्याने दूर होण्यासारखी नव्हती.

हुकमात 'पिशव्यांत लागवड करून' असे शब्द होते. ते ज्याने लिहिले त्या कारकुनाने सागाच्या हुकमाचा मसुदा समोर ठेवून नाव तेवढे बदलले असावे, असा माझा तर्क आहे. पण हुकूम तो हुकूम, म्हणून आलेल्या मालापैकी निम्मा पोयट्याने भरलेल्या पिशव्यांत गेला. उरलेल्या निम्म्यासाठी पिशव्याच शिल्लक नव्हत्या, आणि या दैवी टंचाईमुळे तो वाचला. आमच्याकडे तात्या म्हणून एक वयस्क मजूर होते, त्यांनी पिशव्यांकडे पाहून मान हलविली आणि म्हणाले, "साहेबानू, ह्येका माती नको, वारो व्हयो." त्यांनी शिल्लक रोपे आवारातल्या म्हाताऱ्या आंब्याच्या खोडाला सुंभाने बांधून टाकली. पावसाळा सरेपर्यंत पिशव्यांतल्या रोपांची मुळे तपकिरी होऊन बोटाने चेपताच सालपट सुटून आत नुसता दोरा राहावा अशा दशेला पोहोचली होती. आंब्यावरच्यांनी मात्र सालीत नवी मुळे रोवली होती. पुढे मी वरिष्ठांकडे जो खुलासा पाठविला त्यात शास्त्रीय कारणे सविस्तर दिली, पण त्या सर्वांचा मथितार्थ तात्यांच्या त्या वाक्यात अगोदरच आलेला होता.

त्या शास्त्रीय कारणांपैकी एक मात्र येथे सांगितलेच पाहिजे, कारण या वनस्पतीची सारी निगा त्यावर अवलंबून आहे. तिच्या मुळाच्या अंगावर मृत, पोकळ पेशींचे एक जाड आवरण असते. कोरडे असताना त्यात हवा भरलेली असल्यामुळे मूळ पांढरे दिसते, आणि पाण्याचा थेंब पडताच टीपकागदाने शाई शोषावी तसे ते आवरण पाणी शोषून घेते, पारदर्शक होते, व आतला हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. पांढरे मूळ म्हणजे तहान आणि हिरवे मूळ म्हणजे तृप्ती, इतका हिशेब ज्याच्या डोळ्यांना कळला, त्याला पाणी कधी द्यावे हे पुस्तकात पाहावे लागत नाही. परंतु हे आवरण भिजल्यानंतर पुन्हा वाळले पाहिजे, कारण मूळ श्वास घेते ते हवेतच. सतत भिजलेल्या मातीत वा नारळाच्या सोडणाच्या भुशात ते गुदमरते आणि बुरशीला वाट मोकळी होते. जंगलात पावसाची सर येते, फांदी निथळते, वारा सुटतो आणि घटकाभरात साल कोरडी होते. हा भिजण्या-वाळण्याचा क्रम कुंडीत साधणे म्हणजेच या रोपाची बरदास्त, बाकी सर्व गोष्टी दुय्यम.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या श्रीमंत बागाइतदारांचा इतिहास वाचताना मला याच कारणाने हसू येई आणि कीवही. डेव्हनशायरच्या ड्यूकने आपला माळी जॉन गिब्सन याला १८३५ मध्ये खासी टेकड्यांकडे नव्या आमऱ्या गोळा करण्यासाठी पाठविले. एवढ्या खर्चाने आणि खटाटोपाने आणलेली उष्ण देशांतली रोपे त्या काळी सर्वत्र बंदिस्त, तापविलेल्या, वाफेने कोंदलेल्या काचघरांत ठेवीत, कारण उष्ण कटिबंधातले अरण्य म्हणजे कोंदट उष्मा अशी त्यांची समजूत. रोपे मरत, पुन्हा मागविली जात, पुन्हा मरत. अखेरीस त्याच ड्यूकचा बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन याच्यासारख्यांनी काचघरात वारा खेळता ठेवण्याचा आग्रह धरला तेव्हा ती जगू लागली. आमच्याकडे हवा आणि उष्णता फुकट आहेत. येथला प्रमाद अतिमायेचा असतो. घराच्या ओसरीत टांगलेल्या रोपाला येता-जाता तांब्याभर पाणी घालणाऱ्या माणसाने जितक्या सीतेच्या वेण्या कुजवल्या असतील, तितक्या उन्हाने खासच जाळल्या नसतील.

आवारात जी रोपे झाडाला बांधता येणार नव्हती, कारण त्यांचा ताबा पुढे अन्यत्र द्यावयाचा होता, त्यांच्यासाठी आम्ही सागाच्या पट्ट्यांच्या उघड्या टोपल्या करविल्या. त्यांत मूठमूठ मोठे लाकडी कोळसे आणि जुन्या कौलांचे तुकडे, यापलीकडे काहीही नाही. पुष्कळदा तेही निव्वळ रोप हलू नये यासाठी. मुळे पट्ट्यांच्या फटींतून बाहेर पडून अधांतरी लोंबू लागली म्हणजे पाहुण्यांना वाटे, रोप टोपलीत मावेनासे झाले, मोठी टोपली द्या. तसे करू नये. या रोपाला मुळांशी केलेली छेडछाड अजिबात रुचत नाही. एकदा हलविले की नवी मुळे येईपर्यंत ते रुसून बसते आणि पुढचा फुलोराही चुकवते. टोपली कुजून गेली तर तीच नव्या टोपलीत तशीच उतरवावी, आणि तेही पावसाच्या आरंभी, जेव्हा मुळांची टोके हिरवी-जांभळी होऊन वाढीला लागलेली असतात.

पाण्याविषयी आणखी दोन शब्द. समुद्राजवळच्या विहिरी वैशाखात मचूळ होतात. तसले पाणी उडविले की मुळांच्या आवरणावर क्षार साचून टोके करपतात. म्हणून कौलांवरचे पावसाचे पाणी टाक्यांत साठवून ते उन्हाळ्यापुरते राखून ठेवण्याची तजवीज आम्ही केली, आणि रोपवाटिकेतील इतर कोणत्याही सुधारणेपेक्षा तिचा उपयोग अधिक झाला. पाणी सकाळी द्यावे. संध्याकाळी दिलेले पाणी शेंड्याच्या पानांच्या बगलांत रात्रभर राहते, आणि शेंडा कुजण्याची सुरुवात तेथूनच होते. खताच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. कृषी सेवा केंद्रात मिळणारे विद्राव्य १९:१९:१९ लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, तेही वाढीच्या दिवसांत आणि मुळे आधी साध्या पाण्याने भिजवून, एवढे पुरेसे आहे. शेणखताची सवय लागलेल्या आमच्या मजुरांना ही चिमूट पाहून रोपाची उपासमार होत असल्याचा भास होई. पण जी वनस्पती पावसाच्या पाण्यातून आणि सालीवर साचलेल्या धुळीतून आपली गरज भागवते, तिला याहून अधिक कशाला हवे?

पावसाळा हीच खरी परीक्षा. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत ओतणाऱ्या या पट्ट्यात आषाढातले काही दिवस असे येतात की ऊन नाही, वारा नाही, केवळ संथ धार; आणि मग काळ्या कुजीचा डाग एखाद्या पानाच्या बुडाशी उमटतो व दोन-तीन दिवसांत शेंड्यापर्यंत चढतो. सुपारीच्या बागाइतदाराला कोळेरोग ज्या जातीच्या बुरशीमुळे सोसावा लागतो, तिचेच हे भावंड. म्हणून बागाइतदाराकडचे बोर्डो मिश्रण आमच्याही कामी येई, पण अत्यंत पातळ करून आणि फुले नसताना, कारण ताम्राचा अंश आमरी कुळातील कित्येक जातींना बाधतो. खरा उपाय मात्र औषधाचा नव्हे, अंतराचा: टोपल्या एकमेकींना खेटून टांगू नयेत, आणि डाग दिसताच निरोगी भागापर्यंत निर्दयपणे कापून टाकावे. दुसरा शत्रू गोगलगाय. रात्रीतून ती नव्या मुळांची हिरवी टोके नेमकी वेचून खाते, जणू बाकीचे रोप तिला दिसतच नाही. तिच्यासाठी कंदील घेऊन फिरणे आणि वेचून काढणे याहून खात्रीचा इलाज मला सापडला नाही. तांबड्या मुंग्यांची वर्दळ दिसली तर पानांच्या बेचक्यांत खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण आहे असे समजून जुन्या दातब्रशाने ती घासून काढावी.

या साऱ्या कटकटी झाडावर बांधलेल्या रोपांच्या वाट्याला क्वचितच आल्या, आणि म्हणून दोन पावसाळ्यांनंतर मी टोपल्यांचा नाद कमी करून शक्य तितकी रोपे झाडांवर चढविण्याचे धोरण स्वीकारले. यासाठी नारळ पाडणारा पाडेली हाताशी हवा. शिडीवरून होणारे हे काम नव्हे. झाड कोणते निवडावे हे सालीवरून ठरते. आंबा, फणस, ऐन, किंजळ, कुंभा यांच्या खरबरीत सालीत मूळ पकड घेते. निलगिरी आणि पेरू आपली साल दरवर्षी टाकून देतात, त्यामुळे भाडेकरू कितीही चांगला असला तरी तेथे त्याला जागा कायम मिळत नाही. आडव्या फांदीच्या कुशीला, पश्चिमेचे ऊन टाळून, जेथे सकाळचा प्रकाश तिरपा पडतो अशा ठिकाणी रोप टेकवावे, शेंडा थोडा खाली कलता ठेवावा म्हणजे त्यात पाणी साचत नाही, आणि सुंभाने आवळून बांधावे. नायलॉनची दोरी कधीही वापरू नये, ती वाढत्या खोडात रुतते. सुंभ दोन-एक पावसाळ्यांत कुजून गळून पडतो, आणि तोवर मुळांनी आपली पकड पक्की केलेली असते. ऐनासारखे पानझडी झाड या कामी विशेष गुणी, कारण ज्या महिन्यांत रोपाला फुलोरा काढण्यासाठी भरपूर उजेड हवा असतो त्याच महिन्यांत ते आपली पाने उतरवून ठेवते. सदैव गर्द सावलीत ठेवलेले रोप पाने मात्र गडद हिरवी, लांबलचक काढते आणि फुलत नाही; किंचित पिवळसर झाक असलेली, आखूड, ताठ पाने हीच प्रकृतीची खूण.

आमच्या नोंदवहीत प्रत्येक रोपाची दरमहा उंची सेंटिमीटरमध्ये लिहिण्याचा रकाना होता. सीतेची वेणी वर्षाकाठी दोन-तीन पाने काढते आणि तेवढीच खाली टाकते. रकान्यात महिनोन्‌महिने एकच आकडा पाहून तपासणीस आलेल्या एका अधिकाऱ्याने 'वाढ असमाधानकारक' असा शेरा मारला, तेव्हा त्या शेऱ्याचे उत्तर मी लेखी दिले नाही. त्यांना मे महिन्याच्या अखेरीस पुन्हा भेट देण्याची विनंती केली. रोहिणी नक्षत्र लागले आणि आंब्याच्या खोडावरून पांढऱ्या फुलांचे, जांभळ्या ठिपक्यांचे, प्रत्येकी शंभराच्या वर फुले दाटीने गुंफलेले घोस हातभर लोंबू लागले. अधिकारी आले, बराच वेळ उभे राहिले, आणि पुढल्या महिन्यापासून उंचीचा रकाना कोरा सोडण्यास त्यांनी तोंडी परवानगी दिली. हीच वनस्पती आसामात कोपौ फूल म्हणून ओळखली जाते, तेथे ती चैत्र-वैशाखाच्या संधीवर, रंगाली बिहूच्या वेळी फुलते आणि नर्तकींच्या अंबाड्यात माळली जाते. आसाम आणि अरुणाचल या दोन्ही राज्यांनी तिला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. आमच्याकडे मात्र गावातल्या बायका मुलीच्या वेणीसाठी एखादा घोस मागायला येत, आणि तो मी देत असे. फूल तोडल्याने रोपाचे काही बिघडत नाही, उलट शेंगा धरण्याचा भार वाचतो.

शेंगांचे प्रकरण निराळे. एका शेंगेत धुळीसारखी अगणित बीजे असतात, पण त्यांत गव्हाच्या दाण्यात असतो तसा अन्नाचा साठा मुळीच नसतो, म्हणून निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्यावाचून ती रुजत नाहीत. नोएल बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे गूढ १८९९ मध्ये उकलले, आणि अमेरिकेत लुईस नड्सन याने १९२२ मध्ये साखर घातलेल्या निर्जंतुक माध्यमावर बुरशीविना ती रुजवून दाखविली. आज प्रयोगशाळांतून काचेच्या बाटल्यांत वाढलेली रोपे मिळतात ती याच वाटेने. ज्यांना घरी सीतेची वेणी लावायची हौस आहे त्यांनी अशी बाटलीतली रोपेच घ्यावीत. फुलायला ती वर्षानुवर्षे लावतात हे खरे, पण बाजारात गोणत्यातून विकली जाणारी मोठी, फुलावर आलेली रोपे बहुतेक रानातून ओरबाडून आणलेली असतात. त्यांची मुळे सालीपासून उपटताना तुटलेली असतात, आणि ती जगण्यापेक्षा मरण्याचा संभव अधिक. शिवाय १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार रानातून आणलेली झाडांखेरीज इतर वनस्पतीही वनोपजच ठरते, हे विकणारा जाणतो, घेणाऱ्यानेही जाणावे.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मला सर्वांत अधिक खेद जर कशाचा झाला असेल, तर तो रस्त्यासाठी पडलेल्या झाडांपेक्षाही उभ्या आंब्यांवर चाललेल्या एका साफसफाईचा. कलमांच्या बागांत दरसाल बांडगुळे तोडण्याची मोहीम निघते, आणि ती निघालीच पाहिजे. बांडगूळ आंब्याच्या लाकडात आपली मुळी घुसवून त्याचे पाणी आणि क्षार ओढते, फुलटोच्या पक्षी त्याची चिकट बी फांदोफांदी पुसत जातो, आणि तोडताना फांदीवरच्या गाठीच्या खालून कापले नाही तर ते पुन्हा फुटते. परंतु कोयता घेऊन झाडावर चढलेल्या गड्याला मालकाने फरक सांगितलेला नसतो, आणि झाडावर जे जे उपरे दिसेल ते ते तो खरवडून खाली टाकतो. सीतेच्या वेणीची मुळे सालीच्या पृष्ठावरच राहतात. सालीखाली, लाकडात ती शिरत नाहीत, आंब्याचा एक थेंबही ती घेत नाहीत. बाग शेकडो वर्षांची असो वा नव्या कलमांची, मालकाने यंदाच्या हंगामात एवढे करावे: कोयता वर जाण्यापूर्वी गड्याला जवळ बोलावून पांढरी मुळे सालीवर पसरलेली आणि जाड पाने दोन ओळींत बसलेली अशी जी जुडी दिसेल तिला हात लावायचा नाही, हे त्याला दाखवून द्यावे, आणि ती आधीच खाली पडली असेल तर मृगापूर्वी सुंभाने त्याच फांदीवर परत बांधावी.